नाव घातलेला डबा

सोमवारी सकाळी साडेसहाला
लेक पुण्याच्या गाडीत बसली.
खिडकीतून ओरडली, "आई, चार्जर राहिला!"
आणि गाडी स्टँडाबाहेर वळलीसुद्धा.

घरी आले तर धाकट्याची वही कोरी.
फक्त पहिल्या पानावर 'माझी दिवाळी'
आणि त्याखाली पट्टीनं मारलेली रेघ.
हे कारखान्यावर. बॉयलर पेटलाय,
आता मार्चपर्यंत घरात पाळीचा माणूस,
दिवसा पडदे ओढलेले,
उशीला मळीचा वास.

वैजयंताचा फोन: उद्यापास्नं आमराईत येतीस का?
पाय सुजलेत माझे, म्हटलं.
माझेपण, म्हणाली, म्हणून तर.

दुपारी मांडणी पुसताना डबे मोजले. सात.
दोन माझे. बाकीचे दिवाळीत
दारावरून आत आले आणि परत जायचे राहिले.
निळ्या झाकणाचा वैजयंताचा,
कडेला अनारशाची खसखस चिकटलेली.
पितळी कडीचा चौगुले काकूंचा,
दिवस मावळायच्या आत, घाईनं आणून दिलेला.
आइस्क्रीमचे दोन. ते कुणाचेच नसतात,
ते गल्लीभर फिरतात.

रिकामा डबा परत देऊ नये.
म्हणून भडंग भरत गेले, थोडी शेव,
तळाला राहिलेला चिवडा, ज्यातले काजू
कुणी वेचले ते मला माहीत आहे.

सातवा मागच्या बाजूला होता.
जड. जुन्या घडणीचा.
बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं:
'चि. जुलेखास, आईकडून. ११-५-९८.'

तो या दिवाळीचा नव्हता.
गावभागात पाणी शिरलं त्या ऑगस्टातला.
पाच रात्री आम्ही चौघं
मिरजेत तिच्या माडीवर अंथरूण टाकून.
निघताना तिनं गरम खिचडी भरून दिली,
"चूल कोरडी होईस्तोवर."
चूल कोरडी झाली. भिंतीसुद्धा झाल्या,
खांद्याएवढ्या उंचीवर एक मळकी रेघ ठेवून.
डबा घासून ठेवला तो ठेवलाच.

फोन करते निवांत, असं म्हणत गेले.
सुट्टीत निवांत, सुट्टी सरली की निवांत.
ती ईदला चंद्राचं चित्र पाठवते,
मी दिवाळीला पणतीचं.
चित्राला चित्र. बाकडं मात्र
सातवीपासून दहावीपर्यंत एकच होतं.

लावला फोन, ओल्या हातानंच.
"कोण?"
"मी."
"मी कोण?"
(तिचा मोबाइल बदललाय, नंबर उडालेत,
हे नंतर कळलं. त्या क्षणी
पोटात खड्डा पडला.)
"अगं मी, उज्वला. तुझा डबा आहे माझ्याकडं.
आईनं दिलेला."

बराच वेळ काही नाही.
मागं कुकरची शिट्टी झाली, तिच्याकडं की माझ्याकडं.
मग म्हणाली,
"बया! वाटण्या झाल्या तेव्हा किती शोधला.
जावेवर आळ घातला मी.
दीड वर्ष बोलले नाही तिच्याशी.
लेकीच्या साखरपुड्यालासुद्धा गेले नाही!"

मी काय बोलणार.
मी झाकण लावलं, काढलं.
आणि पलीकडून ती हसायला लागली,
तेच, बाईंनी वर्गाबाहेर काढलेलं हसू,
श्वास अडकेपर्यंत, मग मलाही लागलं,
डोळे पुसायला पदर, पदराला भडंगाचं तिखट,
झोंबलं ते वेगळंच.

"कुपवाडला आहे मी आता. गुरुवारी ये.
जावेलाही बोलावते. तूच सांग तिला."
"काय सांगू?"
"खरं ते सांग. आणि डबा रिकामाच आण,
मला भरायचाय."

रिकामा कसा नेणार?
बुधवारी रात्री, यांना डबा देऊन पाळीवर धाडल्यावर,
अर्धा किलो मैदा भिजवला.
शंकरपाळ्यांचा पहिला घाणा जरा लालच झाला.

धाकटा पेन चावत दारात उभा.
"आता कुणासाठी? दिवाळी संपली ना?"
संपली की, म्हटलं.
तू निबंध लिही.